तीन स्क्रीनचा संसार

लिनक्सवर एकापेक्षा जास्त मॉनिटर लावायचे म्हणजे डोक्याची मंडई, असं ऐकून होते. म्हटलं, बघू तरी! आणि मग एक केबल, एक मावसभाऊ आणि एक भयंकर मीटिंग...

मीटिंग मस्त चालली होती. समोर एका संस्थेच्या मॅडम, त्यांचे दोन सहकारी आणि मी. मुलाखतींच्या शब्दांकनाचा नमुना स्क्रीन शेअर करून दाखवत होते. मधेच मॅडम गप्प झाल्या. मग एकदम गोड आवाजात म्हणाल्या, ‘‘पेमेंटचं आम्ही बघतो हं.’’

मला कळेना, पेमेंटचा विषय कुठून आला? आणि मग ट्यूब पेटली. मी दाखवत होते मधल्या मॉनिटरवरची फाइल. पण त्या मीटिंगच्या अ‍ॅपच्या लेखी ‘पूर्ण स्क्रीन’ म्हणजे माझे सगळे मॉनिटर, एकमेकांना चिकटवून. उजवीकडच्या मॉनिटरवर माझं आणि रूममेटचं चॅट उघडं होतं. त्यात ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, ‘ही मंडळी पैसे बुडवणार बहुतेक.’ अक्षरं एवढी मोठी की चष्मा न लावता वाचता यावीत. ती एवढी मोठी का होती, त्यातच या लेखाची अर्धी गोष्ट आहे.

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण सुरुवातीपासून सांगते.

माझा लॅपटॉप २०१७चा. आत इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे मशीन धडधाकट, पण कागदोपत्री रिटायर! नवा लॅपटॉप घेण्याइतकं बँकेत काही नव्हतं. मग मावसभावाला फोन केला. दादा गेली वीसेक वर्षं कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. तो एका रविवारी पेनड्राइव्ह घेऊन आला, आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि माझ्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून गेला. मशीन पुन्हा टुणटुणीत. माझं निम्मं आयुष्य ब्राउझरमध्ये जातं, त्यामुळे फारसा फरकही पडला नाही.

प्रॉब्लेम सुरू झाला तो अकरा तासांच्या रेकॉर्डिंगपासून. मुलाखती ऐकायच्या आणि शब्दन् शब्द लिहून काढायच्या. पैसे रेकॉर्डिंगच्या तासावर, माझ्या तासांवर नाही. एक तासाच्या मुलाखतीला मला सहा तास लागायचे. एका खिडकीत ऑडिओ, दुसरीत टायपिंग, तिसरीत प्रश्नांची यादी आणि नावांचे स्पेलिंग. चौदा इंची स्क्रीनवर हे सगळं मावणार कसं? दिवसभर एका खिडकीतून दुसरीत उड्या मारायच्या. संध्याकाळी मान धरलेली, आणि हिशेब केला तर तासाला मिळणारे पैसे आमच्या मावशींच्या पोळ्यांपेक्षा कमी!

त्याच सुमारास ऑफिसातला एक जुना मित्र सामान विकून जर्मनीला निघाला. (पुण्यात स्वस्तात चांगलं सामान हवं असेल तर व्हिसा मिळालेल्या मित्रांवर लक्ष ठेवा.) त्याचा २७ इंची फोर-के मॉनिटर मी उचलला. एक २४ इंची फुल एचडी मॉनिटर दादाच्या माळ्यावर पडून होता. म्हटलं, लावते तिन्ही. लॅपटॉप धरून तीन!

आधी नाव बघ, मग शिव्या घाल

पहिल्या दिवशी मी फोर-के मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला. दोन सेकंदांत चित्र आलं. एवढंच? मी तर कमांडबिमांड मारायची मानसिक तयारी करून बसले होते. पण माउस हलवला आणि जाणवलं, काहीतरी लोच्या आहे. बाण थांबत थांबत पुढे सरकत होता. पान वर-खाली केलं की अक्षरं तुटक धावायची. अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागले.

दादाला फोन. तो म्हणाला, ‘‘सेटिंग्जमध्ये डिस्प्ले उघड आणि रिफ्रेश रेट किती लिहिलाय ते वाच.’’

‘‘तीस.’’

‘‘मग बरोबर आहे. लिनक्सला दोष देऊ नकोस, भोक जुनं आहे.’’

तर फंडा असा. मॉनिटरवरचं चित्र सेकंदाला ठरावीक वेळा नव्याने रंगवलं जातं. साठ वेळा असेल तर डोळ्याला सलग वाटतं. माझ्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ जातीचं. त्यातून फोर-के चित्र, म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपके, सेकंदाला जेमतेम तीस वेळा जातं. नळ बारीक आणि टाकी मोठी. साठ वेळा हवं असेल तर एचडीएमआय २.० लागतं, नाहीतर डिस्प्लेपोर्ट. हे विंडोजवरही असंच झालं असतं.

लॅपटॉपला यूएसबी-सीचं एक भोक होतं. दादा म्हणाला, त्यातून डिस्प्लेपोर्ट निघत असेल तर तुझं काम झालं. मी लगेच ड्रॉवरमधली एक यूएसबी-सी केबल काढली, फोर-के मॉनिटरच्या यूएसबी-सीत खुपसली. काळोख. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. लॅपटॉप रीस्टार्ट. काळोख. मग रात्री अकरापर्यंत मी इंटरनेटवरून उचललेल्या आठ-दहा कमांड मारून पाहिल्या, त्यातल्या एकीचाही अर्थ मला कळत नव्हता. सकाळी दादाने एकच प्रश्न विचारला.

‘‘डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचं नाव दिसतंय का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग अगं, कमांड कोणाला मारत होतीस?’’

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर एक रात्र वाचली असती, म्हणून तुम्हाला सांगते. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात स्वतःची एक ओळखचिठ्ठी असते. तिला ईडीआयडी म्हणतात, आणि १९९४पासून ही पद्धत आहे. मी अमुक कंपनीचा, माझी लांबी-रुंदी अमुक, मला हे हे साइज चालतात, असं सगळं १२८ बाइट्सच्या तुकड्यात लिहिलेलं. केबल जोडली की मॉनिटर ही चिठ्ठी कॉम्प्युटरला देतो. सेटिंगमध्ये मॉनिटरचं नाव दिसलं तर चिठ्ठी पोचली. केबल आणि पोर्ट ठीक आहेत, पुढचा घोळ सॉफ्टवेअरचा. नावच नाही? मग सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी खाली वाकून केबल बघा.

माझी केबल फोनच्या चार्जरची होती. यूएसबी-सीचं टोक सगळ्यांचं सारखं, पण आतल्या तारा वेगळ्या. काही केबलींतून फक्त वीज आणि थोडाफार डेटा जातो, चित्र नाही. पोर्टांचंही तेच. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची डी आणि पी अशी खूण किंवा थंडरबोल्टची वीज काढलेली असेल तर चित्र मिळतं. काहीच खूण नसेल तर मॉडेलचं माहितीपत्रक वाचायचं, दुकानदाराला विचारून उपयोग नाही. माझ्या पोर्टवर अंधुकशी डी-पी होती, नऊ वर्षांत मी ती कधी पाहिलीच नव्हती! तापकीर गल्लीत जाऊन यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल आणली. चित्र आलं, रिफ्रेश रेट साठ. मोकळ्या झालेल्या एचडीएमआयला २४ इंची मॉनिटर लावला.

एक सावधगिरीची सूचना, ऑफिसच्या डॉकवाल्यांसाठी. डिस्प्लेपोर्ट आणि डिस्प्लेलिंक हे भाऊ-भाऊ वाटतात, पण नात्यात नाहीत. डिस्प्लेलिंकचे डॉक चित्र दाबून साध्या यूएसबीतून पाठवतात, आणि लिनक्सवर त्याला वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. सिक्युअर बूट चालू असेल तर त्या ड्रायव्हरच्या सहीची आणखी एक पायरी. चालतं, पण लिनक्ससाठी डॉक विकत घेणार असाल तर खोक्यावरचं नाव नीट वाचा.

एकच मोठ्ठा कागद

आता मजेचा भाग. डिस्प्ले सेटिंगमध्ये तीन चौकोन दिसतात. टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तसे ते माउसने ओढून मांडायचे. जिथे दोन चौकोनांच्या कडा चिकटतात तिथूनच माउस पलीकडे जातो. मी आधी लॅपटॉपचा चौकोन २७ इंचीच्या डावीकडे ठेवला होता. प्रत्यक्षात लॅपटॉप त्याच्या खाली. त्यामुळे माउस खाली न्यायचा तर तो कडेला धडकून बसायचा, भिंतीला अडकलेल्या खेळण्यातल्या गाडीसारखा. चौकोन खाली ओढला, विषय संपला.

२४ इंची मॉनिटर मी उभा केला. ‘ओरिएंटेशन’मध्ये एक क्लिक. हे मी कोणालाही सांगेन. ज्यांना वाचायचं जास्त असतं त्यांनी एक मॉनिटर उभाच लावावा. प्रश्नांची यादी, जुनी बातमी, एखादा करार, सगळं वहीच्या पानासारखं दिसतं.

मग अक्षरांचा साइज. आणि इथे खरी वाट लागली.

लॅपटॉपच्या चौदा इंचात फुल एचडी म्हणजे एका इंचात साधारण १५७ ठिपके. २७ इंची फोर-केमध्ये १६३. पण तो हातभर लांब असतो, त्यामुळे शंभर टक्क्यांवर त्यातली अक्षरं मुंग्यांसारखी. आणि २४ इंची फुल एचडीत इंचाला जेमतेम ९२ ठिपके, म्हणजे तिथे शंभर टक्केच छान. थोडक्यात, तीन मॉनिटरना तीन वेगळे चष्मे हवेत. माझ्याकडे मात्र एकच नंबर सगळ्यांना लागत होता, शंभर किंवा दोनशे. दोनशे केलं तर २७ इंची सुखद, आणि उभ्या मॉनिटरवर अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी. रूममेटबरोबरचं चॅट त्या पाटीवर होतं.

असं का, ते दादाने मीटिंगच्या त्या प्रसंगानंतर संध्याकाळी चहावर समजावलं. (आधी पोटभर हसून घेतलं.)

लिनक्सवर पडद्यावर चित्र काढण्याचं काम कितीतरी वर्षं ‘एक्स’ नावाची यंत्रणा करत आली. ती १९८४मध्ये अमेरिकेत एमआयटीत सुरू झाली, आणि तिची अकरावी आवृत्ती, एक्स-११, १९८७ची. म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठी! तेव्हा एका टेबलावर एक मॉनिटर हेच खूप होतं. पुढे अनेक मॉनिटर आले तेव्हा त्यांना एकत्र शिवण्याची युक्ती निघाली, नाव झिनेरामा. हे नाव सिनेरामावरून घेतलेलं. १९५२मध्ये अमेरिकेत आलेला तो प्रकार, तीन प्रोजेक्टर लावून एका अर्धगोल पडद्यावर एकच लांबलचक सिनेमा दाखवायचे. झिनेरामाही तेच करतं. तुमचे मॉनिटर किती का असेनात, एक्सच्या डोळ्यांना तो एकच मोठ्ठा कागद. कागद एक, म्हणून मोजपट्टीही एक. आणि कागद एक, म्हणून माझ्या मीटिंगच्या अ‍ॅपने तो सगळाच्या सगळा मॅडमना दाखवला.

‘‘तुला काय, ओढायला चौकोन तरी मिळाले,’’ दादा म्हणाला. ‘‘आम्ही हे सगळं हाताने लिहायचो.’’

त्याच्या उमेदवारीच्या काळात मॉनिटर वाढवायचा म्हणजे एक लांबलचक कॉन्फिगरेशन फाइल उघडायची. त्यात मॉनिटरची आडवी आणि उभी वारंवारता आकड्यांत टाकायची, कुठला पडदा कुणाच्या उजवीकडे ते लिहायचं, आणि मग देवाचं नाव घेऊन सगळं पुन्हा सुरू करायचं. एक स्वल्पविराम, एक अवतरणचिन्ह चुकलं तरी काळी स्क्रीन. जुन्या काचेच्या, पाठीमागे कुबड असलेल्या मॉनिटरना तर चुकीचे आकडे दिले की ते खरोखर बिघडू शकायचे, तसा इशाराच माहितीपुस्तकात असायचा. २००७मध्ये रँडआर १.२ नावाची सुधारणा आली, आणि कॉम्प्युटर चालू असताना मॉनिटर जोडणं, काढणं, फिरवणं शक्य झालं. आजही एक्सवर काम करणारी मंडळी ‘एक्सरँडआर’ ही कमांड वापरतात. तिच्यात लॅपटॉपचा पडदा ईडीपी-१, बाहेरचे एचडीएमआय-१, डीपी-१ अशा नावांनी दिसतात, आणि ‘हा त्याच्या उजवीकडे’ असं एका ओळीत सांगता येतं. ती ओळ लिहायची नसेल तर एरँडआर नावाचं छोटं अ‍ॅप आहे, त्यात पुन्हा चौकोनच ओढायचे.

आणि ज्यांच्या लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्ड आहे त्यांची कहाणी आणखी वेगळी. लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, २०१२मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात कॅमेऱ्याकडे बघून या कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं, यावरून कल्पना करा. २०२२मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, तेव्हापासून हवा बरीच निवळली आहे. माझ्याकडे इंटेलचं साधं ग्राफिक्स, म्हणून मी या भांडणात नाही. गेमिंग लॅपटॉपवाल्यांनी मात्र बाहेरचा मॉनिटर रुसला तर आधी ड्रायव्हर बघावा. कित्येक मॉडेलांत एचडीएमआयचं भोक थेट त्या कार्डालाच जोडलेलं असतं.

दात असलेलं चाक

‘‘मग माझं काय?’’ मी.

‘‘तुझं वेलँड.’’

एक्सच्या जागी येणारी नवी यंत्रणा म्हणजे वेलँड. क्रिस्टियन ह्योग्सबर्ग या प्रोग्रॅमरने २००८मध्ये ती सुरू केली. इथे प्रत्येक मॉनिटरला स्वतःची मोजपट्टी मिळते. दादाने माझं जुनं लिनक्स काढून उबुंटू २४.०४ टाकलं. त्याच्या लॉगिन स्क्रीनवर, आपलं नाव निवडलं की, खाली कोपऱ्यात एक दातेरी चाक येतं. त्यावर क्लिक केलं की विचारतं, वेलँडवर जायचं की जुन्या एक्सवर? एवढं मोठं सत्तांतर आणि एवढंसं चाक! (उबुंटूच्या २५.१० आवृत्तीपासून ही निवडही गेली, तिथे वेलँडच. केडीईवाल्यांच्या प्लाझ्मा ६मध्येही २०२४पासून आधी वेलँडच उघडतं.)

डिस्प्लेमध्ये ‘फ्रॅक्शनल स्केलिंग’चं बटण चालू केलं. २७ इंचीला १७५ टक्के, लॅपटॉपला १२५, उभ्याला १००. एक खिडकी या मॉनिटरवरून त्या मॉनिटरवर ओढली तर तिचा साइज आपोआप बदलतो. मी पंधरा मिनिटं नुसती खिडक्या इकडून तिकडे ओढत बसले होते.

स्क्रीन शेअरिंगची तर बातच न्यारी. वेलँडमध्ये एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या खिडकीत डोकावता येत नाही. मीटिंगवाल्या अ‍ॅपला काही दाखवायचं असेल तर सिस्टिम मधे पडून मला विचारते, कुठला मॉनिटर, की एकच खिडकी? मी एकच खिडकी म्हणते. दर वेळी.

सगळं गोडगोड आहे असं मी म्हणणार नाही. काही जुनी अ‍ॅप्स वेलँडवर एक्सचा मुखवटा घालून चालतात, आणि १७५ टक्क्यांवर त्यांची अक्षरं धुरकट दिसतात. माझा ऑडिओ प्लेअर त्यातलाच. त्याला मी १०० टक्केवाल्या उभ्या मॉनिटरच्या तळाशी हद्दपार केलं आहे. दुसरी कटकट म्हणजे वेलँडमध्ये अ‍ॅपला आपली जागा स्वतः ठरवता येत नाही. त्यामुळे रोज सकाळी लॉगिन केलं की सगळ्या खिडक्या पुन्हा ज्याच्या त्याच्या घरी पोचवायच्या, बालवाडीच्या ताईंसारखं. एक्सवर काही अ‍ॅप्स आपली जुनी जागा आठवणीने धरायची. यात वेलँड मागे आहे, आणि हे मला खटकतं.

आणि एक गंमत. मॉनिटर उभा केला, सेटिंग सेव्ह झालं, पण लॉगिनच्या वेळी तो पुन्हा आडवाच समजायचा. मी चार दिवस मान वाकडी करून पासवर्डचा चौकोन शोधत होते. कारण असं की लॉगिन स्क्रीन हा सिस्टिमच्या दृष्टीने वेगळाच युजर, त्याला माझी मांडणी कुठून माहीत? आपली मांडणी ‘मॉनिटर्स.एक्सएमएल’ नावाच्या फाइलमध्ये असते, होम फोल्डरच्या आत दडलेल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये. तिची एक प्रत लॉगिन स्क्रीनच्या फोल्डरमध्ये टाकली की मान सरळ. या सगळ्या प्रकरणात मला मारावी लागलेली ही एकमेव कमांड, तीही दादाने फोनवर अक्षर-अक्षर सांगितली.

आता टेबल असं आहे. मधे २७ इंची, त्यावर टायपिंग. उजवीकडे उभा, वर यादी आणि तळाशी ऑडिओ. खाली लॅपटॉप, त्यावर मेल आणि आईचा व्हिडिओ कॉल. चॅट फोनवर, स्क्रीनपासून दूर. बाहेर जायचं असेल तर दोन केबली उपटायच्या. सगळ्या खिडक्या मुकाट लॅपटॉपवर येऊन बसतात, आणि परत आल्यावर केबली लावल्या की आधीची मांडणी उभी राहते.

एक तासाच्या मुलाखतीला सहा तास लागायचे, ते आता चारवर आलेत. राहिलेल्या सात तासांच्या रेकॉर्डिंगवर माझे चौदा तास वाचले. कीबोर्ड तोच, बोटं तीच, फक्त खिडक्या शोधत फिरणं थांबलं. मानेचं दुखणं पूर्ण गेलं नाही. त्यासाठी मॉनिटरखाली दोन जाडे शब्दकोश ठेवून तो डोळ्यांच्या उंचीला आणलाय.

पेमेंट? ते मीटिंगच्या दुसऱ्याच दिवशी जमा झालं, पूर्ण. मॅडमनी त्याबद्दल आजवर एक अक्षर काढलेलं नाही, मीही नाही.

आणि ती तापकीर गल्लीतली केबल. तिच्या दोन्ही टोकांना मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलाय, चार्जरच्या केबलींत हरवू नये म्हणून. रूममेटने परवा तीच उचलली होती, दारातून परत बोलवावी लागली.